साउथ डाउन्स वे : डेव्हिल्स डाइक ते लुईस, आणि वाटेतली छत्री

नीरेकाठ

जूनमध्ये अण्णा (वडील) महिनाभर आमच्याकडे होते. लंडन दाखवून झालं, राजवाडा झाला, नदीतली बोट झाली. चौथ्या दिवशी म्हणाले, "आता जरा मोकळ्या रानात ने बाबा." वय 71. गुडघे ठीक, श्वास चांगला. 34 वर्षं तलाठी म्हणून गावोगाव पायी हिंडलेला माणूस. त्यांना घेऊन साउथ डाउन्स वेचा एक तुकडा दोन रविवारांत चाललो. त्याबद्दल लिहायचंच होतं, कारण इथे राहणाऱ्या आपल्या लोकांना ही वाट नावाने माहीत असते, पण वाटेजवळच्या हिंदी सैनिकांच्या स्मारकापर्यंत, छत्रीपर्यंत, फार थोडे जातात.

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. विंचेस्टर ते ईस्टबोर्न अशी ही 160 किलोमीटरची वाट आहे. दक्षिण इंग्लंडच्या खडूच्या डोंगरांच्या धारेवरून जाते. डोंगर म्हणायचे, पण सह्याद्रीसारखा कातळकडा कुठे नाही. बसलेल्या म्हशींचा कळप लांबून दिसावा, तशा गोलसर, हिरव्या टेकड्या एकीला एक लागून. उत्तरेकडची बाजू एकदम उतरते आणि खाली सपाट मुलूख लागतो, वील्ड म्हणतात त्याला. कुंपणं, झाडं, चर्चचे मनोरे. दक्षिणेला लांब उतार आणि शेवटी समुद्राची पट्टी. 'डाउन' हा शब्द जुन्या इंग्रजीतल्या 'डून'वरून आला, त्याचा अर्थच टेकडी. अण्णांना हे फार आवडलं, दिवसभर "चला, डाउनवर चढू" म्हणत होते.

पहिला रविवार. ब्रायटनहून 77 नंबरची बस थेट डेव्हिल्स डाइकला सोडते. ही ब्रिटनमधली खडूतली सगळ्यात मोठी कोरडी दरी. तळाला ओढा नाही, पाण्याचा थेंब नाही. गावातली गोष्ट अशी की वील्डमधली चर्चं वाढली म्हणून सैतानाने समुद्र आत सोडायला एका रात्रीत हा चर खणायला घेतला, पण पहाट झाली आणि काम अर्धवट राहिलं. खरं कारण हिमयुगातलं. एरवी खडू पाणी पिऊन टाकतो, पण तेव्हा जमीन गोठलेली असल्याने पाणी मुरेना. उन्हाळ्यात वितळणारं बर्फ वरून वाहायचं आणि भिजून ढिला झालेला खडू सोबत घेऊन जायचं. अण्णा काठावर बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "आपल्याकडं असती तर पांडवांनी खणली असती."

तिथून उतरलं की सॅडल्सकमचं शेत. नाव 1086च्या डूम्सडे नावाच्या जमीन-नोंदीत आहे. इथे विहिरीवरचं मोठं लाकडी चाक जपून ठेवलंय. गाढवाने आत चालायचं, चाक फिरायचं, पाणी वर यायचं. अण्णांनी मोट हाकलेली आहे. त्यांनी चाकाच्या आऱ्यांना हात लावला, आस कुठे झिजलाय ते वाकून पाहिलं आणि मला सांगितलं की बैलाला निदान उतारावरून जायला मिळायचं, इथे त्या जनावराला दिवसभर चढच होता. पाणी भरून घ्यायचं असेल तर इथेच घ्या, पुढे डोंगरावर मिळत नाही.

मग चढ, मग पायकमचं गाव. एका काळी धनगरांच्या आकड्याच्या काठ्या या गावच्या लोहाराकडच्याच लागायच्या, आजही 'पायकमचा आकडा' म्हणून ओळख आहे. हमरस्ता पुलावरून ओलांडून परत वर चढलं की क्लेटनच्या दोन पवनचक्क्या, जॅक आणि जिल. पांढरी ती जिल. 1821 मध्ये ब्रायटनला बांधली आणि 1852 मध्ये बैल-घोडे जुंपून अख्खीच्या अख्खी डोंगरावर ओढत आणली.

इथे आम्ही मुख्य वाट सोडून दक्षिणेला वळलो. सरळ खाली अडीच किलोमीटरवर छत्री आहे.

पण त्याआधी एक गोष्ट झाली, ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. वाटेत बार्लीचं शेत लागलं. कमरेएवढं पीक, वाऱ्याने लाटा उठत होत्या. आणि त्या उभ्या पिकातून, मधोमध, दोन मीटर रुंदीची वाट. तुडवून पडलेली नाही, मालकाने मुद्दाम मोकळी ठेवलेली. बाजूला खांब, त्यावर निळा बाण. अण्णा जागीच थांबले.

"ही जमीन कुणाची?"

"शेतकऱ्याची. खाजगी."

"आणि वाट?"

"सगळ्यांची."

मी सांगितलं ते असं : इथे पायवाटेचा हक्क कायद्याने नोंदलेला असतो. मालक बदलला तरी वाट हलत नाही. शेतातून आडवी जाणारी वाट नांगरायची मुभा आहे, पण पेरणीसाठी पहिल्यांदा मोडली तर 14 दिवसांत परत चालण्याजोगी करून द्यावी लागते. त्यानंतरच्या प्रत्येक मशागतीला 24 तास. बांधावरून जाणारी असेल तर नांगरायचीच नाही. पायी वाटेला पिवळा बाण, घोडा-सायकल चालते तिला निळा. आणि लोकांनी 20 वर्षं कुणाच्या परवानगीशिवाय, कुणी न अडवता वापरलेली वाट असेल, तर ती सार्वजनिक म्हणून दिली गेली असं कायदा धरून चालतो.

अण्णांनी माझ्याकडचा नकाशा मागून घेतला आणि चक्क वाटेत बसले. ऑर्डनन्स सर्व्हेचा नकाशा, 4 सेंटीमीटरला 1 किलोमीटर. हिरव्या लहान तुटक रेषा पायवाटेच्या, लांब तुटक रेषा घोडवाटेच्या. बोट फिरवत म्हणाले, "अरे, हा तर गावनकाशा!" आपल्या गावनकाशावर एकेरी तुटक रेष पायमार्गाची आणि दुहेरी तुटक रेष गाडीमार्गाची असते, हे मला त्या दिवशी कळलं. चौतीस वर्षं त्यांनी त्याच रेषांवरून भांडणं पाहिली. पाणंदीत कुणी बांध सरकवलाय, कुणी बाभळीच्या फांद्या टाकल्यात, ऊस तोडून पडलाय आणि ट्रॅक्टर बाहेर येत नाही. पंचनामा करायचा, दोन्हीकडच्या शिव्या खायच्या, पाच वर्षांनी निकाल लागेपर्यंत तिथे वाट होती हेच कुणाला आठवत नसायचं. पुढचा अर्धा तास ते काहीच बोलले नाहीत. शेताच्या टोकाला मागे वळून त्या वाटेकडे परत एकदा बघितलं.

छत्रीबद्दल पुढच्या प्रतिसादात लिहितो. ते घाईत लिहायचं नाही.

मेधा_रेडिंग

फार सुंदर. बार्लीतली वाट अगदी डोळ्यांसमोर आली. आम्ही डाइकला तीनदा गेलोय, पण प्रत्येक वेळी गाडी लावली, फोटो काढले, चहा घेतला आणि परत. सहा वर्षांच्या मुलीला घेऊन जमेल का? आणि पावसाचं काय करता?

कातळवेडा

भूगर्भशास्त्राचा विद्यार्थी म्हणून थोडी भर. हा खडू क्रिटेशस काळातला. समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्म शैवालांची चुनखडी कवचं तळाशी साचत गेली, लाखो वर्षं. म्हणजे पायाखाली जी पांढरी माती लागते, ती कधी काळची जिवंत वस्तू आहे. आपला सह्याद्री त्या काळाच्या अगदी शेवटी, लाव्ह्याच्या थरांतून उभा राहिला.

फरक पाण्यात सगळ्यात चांगला दिसतो. आपल्या गडांवर बेसाल्टमध्ये टाकी खोदली की पाणी वर्षभर टिकतं. खडूत टाकं खोदून उपयोग नाही, पाणी मुरून जातं. म्हणून तिथल्या मेंढपाळांनी डोंगरमाथ्यावर उथळ खळगे खणून त्यांना चिकणमाती तुडवून लिंपण दिलं. 'ड्यू पॉन्ड' म्हणतात, म्हणजे दवाचं तळं, पण भरतं ते मुख्यतः पावसावर. डिचलिंगच्या बाजूला असे दिसतात, नीरेकाठ, तुम्ही पाहिले असतील.

वाटेत काळे, गाठीगाठीचे दगड पडलेले असतात ना, वरून पांढरी साय आणि फुटला की आतून काचेसारखा काळा? तो फ्लिंट. चकमकीचा दगड. तिथली जुनी घरं आणि चर्चं त्याच्याच भिंतींची आहेत.

नीरेकाठ

@कातळवेडा, धन्यवाद. तो दगड अण्णांच्या पिशवीतून सासवडला गेलाय! त्यांच्या आजोबांकडे विडी पेटवायला चकमक होती म्हणे, कापूस आणि पोलादाचा तुकडा नळकांड्यात घातलेला. ड्यू पॉन्ड दुसऱ्या रविवारी पाहिला, मेंढ्या पीत होत्या.

@मेधा_रेडिंग, सहा वर्षांच्या मुलीसाठी दुसऱ्या रविवारचा तुकडा घ्या, पुढे लिहितोय. पाऊस पडून गेला असेल तर उतारावर फार जपा. ओला खडू साबणासारखा निसरडा होतो आणि बुटांना पिठासारखा चिकटतो. अण्णा पायकमच्या उतारावर एकदा बसलेच खाली, लागलं नाही. काठी न्याच. आणि गवतात बसलात तर घरी आल्यावर मुलीचे पाय, गुडघ्यामागची जागा, केसांची कड नीट बघा. गोचिडीतून लाइम रोग होतो.

आता छत्री.

पहिल्या महायुद्धात 1914च्या अखेरीपासून 1916च्या सुरुवातीपर्यंत ब्रायटनचा राजवाडा, रॉयल पॅव्हिलियन, हिंदी जखमी सैनिकांचं रुग्णालय होता. फ्रान्सच्या खंदकांतून आणलेले शिपाई तिथल्या झुंबरांखाली खाटांवर पडलेले असत. जातिधर्माप्रमाणे नऊ स्वयंपाकघरं होती, हिंदू-मुसलमानांच्या पाण्याचे नळ वेगळे होते. जे मुसलमान सैनिक वारले त्यांना वोकिंगला दफन केलं. हिंदू आणि शीख सैनिकांना ब्रायटनबाहेर पॅचमच्या वरच्या या डोंगरावर आणून अग्नी दिला. त्रेपन्न जणांना. रक्षा समुद्रात सोडली.

चिता जिथे पेटल्या तिथे आज छत्री उभी आहे. पांढरा संगमरवर, आठ खांब, वर घुमट. आराखडा मुंबईच्या ई. सी. हेन्रिकेस या तरुण वास्तुविशारदाचा. 1 फेब्रुवारी 1921 रोजी प्रिन्स ऑफ वेल्सने अनावरण केलं. खाली ग्रॅनाइटच्या तीन मोठ्या शिळा आहेत, त्या चितांच्या ओट्यांवर बसवलेल्या. 2010 मध्ये बाजूला एक भिंत उभारून तिच्यावर 53 जणांची नावं कोरली.

पुण्यातल्या लोकांना 'छत्री' म्हटलं की वानवडीची शिंद्यांची छत्री आठवते. तीच कल्पना, तोच शब्द. पण इथे आजूबाजूला गाव नाही, रस्ता नाही. गाडी तिथपर्यंत जातच नाही. चालतच जावं लागतं. टेकडीच्या कुशीत, चहूकडे गवत, वर चंडोल ओरडत असतो. लांब ब्रायटनची घरं आणि त्यामागे समुद्राची करडी रेष.

अण्णांनी पायऱ्यांपाशी बूट काढले, मोजे काढले. शिळा उन्हाने तापली होती. खांबाला हात टेकवून ते घुमटाखाली नुसते उभे राहिले. मग भिंतीपाशी जाऊन एकेक नाव बोट ठेवून वाचलं, सगळी त्रेपन्न. त्यांना इंग्रजी वाचायला वेळ लागतो. मी मध्ये बोललो नाही. वाचून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "यांच्या घरी कागद गेला असेल ना?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. एक मेंढी कुंपणाशी येऊन बघत होती. आम्ही पोळी-भाजीचा डबा तिथे उघडला नाही, खाली पॅचमच्या वाटेवर येऊन बसलो.

खडकीकर

हे वाचून राहवलं नाही म्हणून खूप दिवसांनी लॉगिन केलं. माझे पणजोबा खडकीच्या सॅपर्समध्ये होते. तेव्हाचं नाव थर्ड सॅपर्स अँड मायनर्स. त्यांच्या 20 आणि 21 क्रमांकाच्या कंपन्या फ्रान्सला गेल्या होत्या. 28 ऑक्टोबर 1914 रोजी न्यू शापेलच्या हल्ल्यात या लोकांना पायदळासारखं पुढे घातलं. पूल बांधणारी, सुरुंग लावणारी माणसं घराघरांतून हातघाईची लढाई लढली. दोन्ही कंपन्यांचे जवळपास सगळे अधिकारी पडले किंवा जखमी झाले. पणजोबा परत आले. त्यांच्याबरोबरचे कोण कुठे गेले हे घरात कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

नीरेकाठ, भिंतीवरच्या नावांपुढे पलटणही कोरली आहे का? सॅपर्सपैकी कुणी दिसलं का?

नीरेकाठ

@खडकीकर, पलटणींकडे मी नीट लक्ष दिलं नाही, हे मान्य करतो. मी अण्णांकडे बघत होतो. येत्या रविवारी एकटा जाऊन भिंतीचा एकेक भाग जवळून फोटो काढून इथे लावतो.

शेतकरी_पुत्र_बारामती

छत्रीबद्दल नमस्कार, दुसरं काही बोलायचं नाही. पाणंदीबद्दल मात्र थोडं वेगळं मत मांडतो.

बार्लीतली दोन मीटर वाट सोडणं त्या शेतकऱ्याला परवडतं, कारण त्याच्याकडे शेकडो एकर असतात. माझ्या चुलत्याकडे दीड एकर आहे. त्यातून आठ फूट पायवाट गेली तर सरीच्या किती ओळी गेल्या ते मोजा. वाटणीमागून वाटणी होत जमीन चिंचोळी झाली, मग भांडण होणारच. आपली माणसं कोत्या मनाची आहेत असा सूर निघायला नको. कायदाही आपल्याकडे आहेच. 1906चा मामलेदार कोर्ट कायदा अडवलेला रस्ता खुला करायला, आणि महसूल संहितेचं कलम 143 बांधावरून नवीन वाट द्यायला.

नीरेकाठ

तुमचं म्हणणं अण्णांना फोनवर वाचून दाखवलं. त्यांचं उत्तर त्यांच्याच शब्दांत देतो.

"बरोबर आहे त्याचं. दीड एकरवाल्याला मी कधी दोष दिला नाही. पण त्याला सांग, पाणंद बुजवणारे निम्मे लोक दीड एकरवाले नव्हते. आणि कायदा दोन्हीकडे आहे, तर फरक कुठे आहे सांगतो. तिकडं वाट अडली तर जो चालतो तो तक्रार करतो, मग तो त्या गावचा असो नसो. आपल्याकडं ज्याचं शेत आत अडकलंय तोच एकटा भांडतो. वाट एकट्याची झाली की गेली."

मला हे पटतं. इथल्या पायवाटा सुखासुखी मिळालेल्या नाहीत. 1932 मध्ये मँचेस्टरजवळच्या किंडर स्काउट या डोंगरावर कामगार पोरं बंदी मोडून चढली, त्यांतली काही तुरुंगात गेली. 1949च्या कायद्याने पायवाटांची नोंद सुरू झाली. पेनाइन वे 1965 मध्ये खुला झाला आणि साउथ डाउन्स वे 1972 मध्ये. रविवारी पाठपिशवी घेऊन निघणाऱ्या शेकडो लोकांमुळे ती वाट राहते. कुणी चाललंच नाही तर बार्लीत ती दोन हंगामांत दिसेनाशी होईल.

शेतकरी_पुत्र_बारामती

अण्णांना नमस्कार सांगा. "वाट एकट्याची झाली की गेली", हे आमच्या ग्रामसभेत मांडणार आहे. आमच्या ओढ्याकडच्या पाणंदीचा विषय तीन वर्षं पडून आहे.

मेधा_रेडिंग

दुसऱ्या रविवारचं लिहा ना. मी वाट बघतेय.

नीरेकाठ

लिहितो, लिहितो.

दुसरा रविवार सोपा होता. शनिवार-रविवारी ब्रायटनहून 79 नंबरची बस डिचलिंग बीकनच्या माथ्यावर सोडते, निघण्याआधी वेळापत्रक मात्र बघा. उंची 248 मीटर, ईस्ट ससेक्समधली सगळ्यात उंच जागा. म्हणजे पायथ्यापासूनची नव्हे, समुद्रापासूनची उंची, पण उत्तरेचा उतार इतका तीव्र आहे की सायकलवाले धापा टाकत येतात. बस वरच सोडत असल्याने मेधाताई, तुमच्या लेकीला चढ नाहीच. आइस्क्रीमची गाडी उभी असते, तिथून तिला पुढे कसं न्यायचं ते तुम्ही बघा.

तिथून ब्लॅककॅपपर्यंत धारेवरून सरळ पूर्वेला. खांबांवर ओकच्या फळाचं, एकॉर्नचं, चिन्ह असतं. राष्ट्रीय वाटांची ती खूण. ते दिसत राहिलं म्हणजे बरोबर चाललोय. वारा इतका की बोलणं ऐकू येत नव्हतं.

अण्णा मध्येच गुडघ्यावर बसले आणि हाताची वीत टाकून गवत बघू लागले. लांबून नुसती हिरवळ दिसते. जवळून बघितलं तर रानजवसासारखं काहीतरी, पिवळी शेंगाफुलं, जांभळी ऑर्किड, ओव्याच्या जातीची सुगंधी पानं, सगळं बोटभर उंचीत. या खडूच्या कुरणात एका चौरस मीटरमध्ये 30-40 जातींच्या वनस्पती सापडतात. आणि त्या मेंढ्यांमुळे. मेंढ्या चरल्या नाहीत तर काटेरी झुडपं माजतात आणि हे सगळं गुदमरतं. कातळवेडा कदाचित जास्त सांगू शकतील, पण मला सगळ्यात नवल याचंच वाटलं, की ज्याला आपण निसर्ग म्हणतो ते शेकडो वर्षं मेंढपाळांनी राखलेलं रान आहे. अण्णा म्हणाले, "आपल्या धनगरांना फॉरेस्टवाले हाकलतात, त्यांना हे दाखवायला पाहिजे."

ब्लॅककॅपपाशी मुख्य वाट दक्षिणेला वळते. आम्ही ती सोडून लुईसकडे उतरलो. 14 मे 1264 रोजी याच उतारावर सायमन द माँफर्ट या बंडखोर सरदाराने तिसऱ्या हेन्री राजाचा पराभव केला. आज तिथे घोडे चरतात. एकूण 8-9 किलोमीटर, मुलीसोबत चार तास धरा. लुईसला स्टेशन आहे, परतीची चिंता नाही. मेंढ्यांच्या रानात कुत्रा असेल तर दोरीला बांधा, आणि फाटक जसं सापडलं तसंच लावा.

मेधा_रेडिंग

ठरलं. 20 तारखेचा रविवार बघतेय. छत्रीला मात्र मुलगी थोडी मोठी झाली की.

कातळवेडा

ती ओव्याच्या जातीची पानं म्हणजे रानटी थाइम असणार. पिवळी शेंगाफुलं हॉर्सशू व्हेच असतील तर ॲडोनिस ब्लू फुलपाखराची अळी फक्त त्याच्यावरच जगते. मे-जूनमध्ये आणि पुन्हा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उडतं. नर असा निळा की डोळे दिपतात.

खडकीकर

दर वर्षी जूनमध्ये एका रविवारी छत्रीपाशी स्मृतिसमारंभ होतो असं वाचलं. पुढच्या वर्षी तेव्हा मुलाकडे क्रॉयडनला असेन. 68 वय आहे, पॅचमकडून चढ कितपत आहे?

नीरेकाठ

पॅचमकडून साधारण अडीच किलोमीटर, सलग पण सौम्य चढ. सिंहगडाच्या निम्म्याचाही नाही. हो, जूनमधल्या एका रविवारी असतो. तुम्ही तारीख कळवा, मी पॅचमला बसथांब्यावर येतो, बरोबर चढू. अण्णांना फोनवर सांगितलं, ते म्हणाले फुलं इथली नकोत, सासवडची माती पाठवतो.

खडकीकर

मी खडकीची आणतो.

नीरेकाठ

रविवारी जाऊन आलो. पाऊस होता, संगमरवरावरून पाणी ओघळत होतं, मी एकटाच. भिंतीचे सहा फोटो काढलेत, नावं आणि पलटणी वाचता येतात. दोन ओळींवर थेंब असल्यामुळे रुमालाने पुसून परत काढले. खडकीकर, तुम्हाला व्यनि (खाजगी निरोप) करतोय. आधी तुम्ही बघा, मग इथे लावतो.